पाझरणाऱ्या रांजणाची साक्ष

मित्रांनो, खिडकीखालच्या तिवईवर बसलेला, ओठ फुटलेला मी एक जुना रांजण आहे. माझ्या वरच्या अंगाला फावड्याचा घाव बसला आहे, त्यामुळे मला आता गळ्यापर्यंत भरत नाहीत. तो घाव कसा बसला हे सांगायला आज मी तोंड उघडलं आहे. तसं माझं तोंड जन्मापासून उघडंच आहे म्हणा, पण ऐकून घेणारं कोणी भेटलं नव्हतं.

मला घडवणारा कुंभार भारी रागीट होता. माती मळताना तो तिच्याशी भांडायचा. चाळलेली राख आणि लाकडाचा भुसा त्याने मोजून मातीत घातला. माझा गळा त्याने चाकावर ओढला आणि पोट आतून गोटा धरून, बाहेरून फळीने थापटून वाढवलं. त्या थापटण्यात मी रडकुंडीला आलो होतो. भट्टीत भुसा जळून गेला आणि माझ्या अंगभर डोळ्यांना न दिसणारी छिद्रं राहिली. हा दोष नव्हे, मित्रांनो. त्या छिद्रांतून पाणी थोडं थोडं बाहेर येतं, वाऱ्याने सुकतं आणि आतलं पाणी गार होतं. जो पाझरत नाही तो रांजण कसला?

मला घ्यायला एक नवरा-बायको आले. दोघंही कॉलेजात शिकवत. विद्यार्थी त्यांना सर आणि बाई म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणतो. कुंभाराने बजावून सांगितलं, "हा पाण्याचा आहे, साहेब. ह्यात दुसरं काही ठेवू नका. हा घाम गाळतो." सरांचं डोकं हातातल्या पुस्तकात होतं. ते नुसतं "हो, हो" म्हणाले. बाईंनी मात्र माझ्या पोटावर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "पक्का भाजलाय." त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

त्यांच्या अभ्यासाच्या खोलीत दोन टेबलं समोरासमोर होती आणि मधे, खिडकीखाली, मी. माझ्या बुडाशी एक ताटली ठेवलेली असे. दोघं मिळून एक पुस्तक लिहीत होते. डावं पान सरांचं, उजवं बाईंचं. वीस वर्षं ते पुस्तक चाललं होतं. ऐकून ऐकून मलाही त्यातलं थोडंफार कळू लागलं.

सरांचा विषय होता नॉस्टिक पंथ. फार जुन्या काळी, वाळवंटाच्या कडेला राहणारी ती माणसं. ती म्हणत की खरा देव फार दूर, उजेडात आहे. हे जग त्याने केलेलंच नाही. ते केलं एका अर्धवट कारागिराने, आणि तोच वर स्वतःला देव म्हणवून घेतो. खऱ्या उजेडाची एक ठिणगी माणसाच्या शरीरात अडकून पडली आहे. शरीर हा तिचा तुरुंग. आपण कुठून आलो हे त्या ठिणगीला आठवलं, की तिची सुटका.

बाईंचा विषय नाथपंथ. नाथ जोगीही म्हणत की माणूस झोपलेला आहे, कोणीतरी हाक मारून त्याला जागं केलं पाहिजे, आणि खरं ज्ञान पोथीत नसून आत असतं. इथपर्यंत दोन्ही पानं गुण्यागोविंदाने नांदत. शरीराची गोष्ट निघाली की मात्र वाजायचं. नाथ म्हणत, जे पिंडी ते ब्रह्मांडी. साऱ्या विश्वात जे आहे ते याच देहात आहे, मग इथून पळून जायचं कुठे? देह हे कच्चं मडकं आहे. साधनेच्या आगीत भाजून ते पक्कं करायचं.

मी कोणाच्या बाजूचा होतो हे सांगायला नकोच. एक तर मी स्वतः भाजून निघालेला. शिवाय घडवणारा अडाणी असतो हे ऐकलं की मला माझा कुंभार आठवायचा. रागीट होता, पण अडाणी नव्हता.

एकदा सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आता हे पाणी बघ. कुठल्या कुठं नदीत वाहत होतं, इथं येऊन कोंडलंय."

"कोंडलंय?" बाई वर न बघता म्हणाल्या. "मग खालची ताटली कशानं ओली झाली?"

सर हसले. "हे काही डाव्या पानावर यायचं नाही."

"नको येऊ दे. उजवीकडे भरपूर जागा आहे."

त्यांची एकुलती एक लेक या वादात लहानाची मोठी झाली. माझ्या घामात बोट भिजवून ती माझ्याच पोटावर अक्षरं गिरवायची. वाळली की पुन्हा गिरवायची. पुढे नोकरीसाठी ती दूरच्या शहरात गेली, आणि माझं पोट कोरं राहिलं.

मग एके दिवशी बाईंच्या हातून पेन पडलं. त्यांनी उचललं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा सरांनी उचलून दिलं आणि दोघं उगाच हसले. महिन्याभराने दोघं दवाखान्यातून आले तेव्हा कोणी हसलं नाही. बाईंच्या नसा एकेक करून मरत चालल्या होत्या. आधी बोटं, मग हात, मग पाय, मग जीभ. हा आजार कधी कधी आईकडून मुलांकडे जातो, असंही डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि ते म्हणाले होते, "डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील." जणू काही ती आनंदाची बातमी होती.

मित्रांनो, ती दोन वर्षं मला आठवायला नको वाटतात. बाईंना चाकाच्या खुर्चीत बांधून बसवावं लागे. नाकावर माशी बसली तरी दुसऱ्याला सांगावं लागे. सरांनी कशालाच कमी केलं नाही. भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, सगळं केलं. उजवं पानही आता तेच लिहीत. बाई सांगत आणि ते उतरवून घेत. वाद मात्र बंद पडला. ज्या बाईला स्वतःची मान धरता येत नाही, तिच्याशी शरीर तुरुंग आहे की नाही यावर कोण भांडणार? सर डावं पान कोरंच सोडू लागले.

लेक फोन करायची. बाईंची जीभ नीट चालत होती तोवर त्या तिला म्हणाल्या होत्या, "शेवटचं पान तुझ्यासाठी ठेवलंय. ते नीट वाच."

आणि एका दुपारी बाई म्हणाल्या, "लिही. शेवटचं पान." त्यांचे शब्द जड झाले होते, पण माझी सवय होती. मला एकूण एक कळलं.

"तुझं बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "हा तुरुंगच आहे. मी आत आहे आणि दार नाही."

सरांचं पेन हललं नाही.

"लिही म्हटलं ना."

सरांनी लिहिलं. वीस वर्षं ज्या वाक्यासाठी ते भांडले, ते वाक्य त्यांच्याच अक्षरात उजव्या पानावर उतरलं. मग त्यांनी टेबलावर डोकं ठेवलं आणि ते लहान मुलासारखे रडले. बाईंना त्यांच्या डोक्यावरून हात फिरवता आला नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या.

त्यानंतर चौथ्या दिवसाची गोष्ट. उकाडा असह्य झाला होता. बाईंना घोटही गिळवत नव्हता, सर ओल्या कापसाने त्यांचे ओठ टिपायचे. बाईंनी डोळ्यांनी माझ्याकडे खूण केली. सरांना वाटलं पाणी हवंय. बाईंनी डोळे मिटून 'नाही' म्हटलं आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. शेवटी सरांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. बाईंची मान त्यांनी हाताने धरली आणि गाल माझ्या ओल्या पोटाला टेकवला.

"गार आहे," बाई म्हणाल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "किती छान. राहू दे असंच."

माझं पाणी त्यांच्या गालावर आलं आणि त्यांच्या गालाची ऊब माझ्या अंगात आली. त्या घडीला कोण आत होतं नि कोण बाहेर, हे मला विचाराल तर सांगता येणार नाही. माझ्या आयुष्यात मला यापेक्षा मोठा मान मिळाला नाही. सरांनी मग बाईंचा गाल पुसला आणि खुर्ची जागेवर नेली. वही टेबलावर उघडी होती. त्यांनी तिच्यात काही लिहिलं नाही.

त्यानंतर बाई बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी सकाळी त्या गेल्या.

लेक आली. रडून झाल्यावर तिने विचारलं, "बाबा, आईचं शेवटचं पान?"

"ते राहिलंच," सर म्हणाले. "पुरं नाही झालं."

सरांना खोटं बोलताना मी प्रथमच ऐकलं. पण त्यांना तरी कसा दोष देऊ? ते वाक्य लेकीच्या हातात ठेववत नव्हतं, आणि बाईंनी सांगितलेलं म्हणून जाळवतही नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर. मग त्यांना त्यांची ती वाळवंटातली माणसं आठवली. त्या माणसांवर संकट आलं तेव्हा त्यांनी आपली पुस्तकं मातीच्या रांजणात घालून पुरून ठेवली होती म्हणे, आणि शेकडो वर्षांनी ती चांगली निघाली. सरांनी मला रिकामं केलं. सगळं हस्तलिखित कापडात गुंडाळून माझ्या पोटात ठेवलं, तोंडावर झाकण बसवून मेण ओतलं आणि परसात खड्डा खणून मला पुरलं. वर खूण म्हणून एक दगड ठेवला.

वाळवंट आणि परसबाग यांत फरक असतो, हे विद्वानाला कोणी सांगावं? कुंभाराने सांगितलं होतं. पण तेव्हा सर वाचत होते.

मित्रांनो, मी सात वर्षं जमिनीत होतो. तुरुंग म्हणजे काय ते मला तिथे कळलं. वारा नाही, पाणी नाही, ताटली नाही. चहूकडून मातीची ओल माझ्यात शिरत होती आणि मी ती अडवू शकत नव्हतो. पाझरायचंच मला शिकवलं होतं. माझ्या पोटात ते कागद आधी मऊ झाले, मग एकमेकांना चिकटले, मग कुजले. वीस वर्षांचं लिखाण माझ्याच छिद्रांनी खाल्लं. याची लाज मला अजून वाटते.

सर रोज संध्याकाळी माझ्यावरच्या दगडावर येऊन बसायचे. एके दिवशी वरून दोन आवाज आले.

"बाबा, सहा महिन्यांपूर्वी माझ्या हातून कप पडला," लेक म्हणाली. "आता बोटांत पकड राहत नाही. डॉक्टरांनी आईचाच आजार सांगितलाय."

तिचा आवाज आता अगदी दगडाजवळून आला.

"आई काहीतरी लिहून गेलीय, मला माहितीय. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, बाबा. आता तरी सांगा. मला ह्याच अंगात अजून काही वर्षं काढायचीयत. तिनं ती कशी काढली, एवढं कळू दे मला."

मग फावडं आलं. सरांना आता नेम धरता येत नव्हता. चौथ्या की पाचव्या घावाला माझा ओठ फुटला. झाकण निघालं आणि कितीतरी वर्षांनी माझ्या आत ऊन पडलं. आत काळपट लगदा होता. सर कपाळाला हात लावून खड्ड्याच्या काठावर बसले. लेकीने मनगटांनी तो लगदा बाहेर काढला. मधोमध कागदाची एक चिंधी शिल्लक होती आणि तिच्यावर चारच शब्द वाचता येत होते, 'बरोबर होतं' आणि 'दार नाही'.

लेकीने ते दोनदा वाचले. "म्हणजे तुमचं बरोबर होतं. आईनं हार मानली."

"हो," सर म्हणाले. त्यांना तेच खरं वाटत होतं.

मित्रांनो, मला जीभ असती तर त्या क्षणी मी गाव गोळा केलं असतं.

लेकीने ती चिंधी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "ह्याला तरी वर काढू या." उन्हात उभी राहून ती घामाने भिजली होती. बोटांत पकड नव्हती, म्हणून तिने मला दोन्ही हातांनी कवेत घेतलं आणि जोर लावायला गाल माझ्या पोटाला टेकवला. जमिनीची ओल माझ्या अंगात होतीच. तिने मला उचललं नाही. ती तशीच राहिली.

"गार आहे," ती म्हणाली.

सर खड्ड्याच्या काठावरून उठले. "काय म्हणालीस?"

"गार आहे म्हटलं. बरं वाटतंय."

"तीही हेच म्हणाली होती," सर म्हणाले. "ते पान लिहून झाल्यावर चार दिवसांनी. अशीच टेकली होती. गार आहे, किती छान, राहू दे असंच. त्यानंतर काही बोललीच नाही."

लेक वळून बघत राहिली. "मग हे का नाही लिहिलंत, बाबा?"

"मला वाटलं," सर म्हणाले, "ती पाण्याबद्दल बोलतेय."

त्या दोघांनी मला धुतलं, आठ दिवस उन्हात वाळवलं आणि पुन्हा तिवईवर ठेवलं. पुस्तक गेलं ते गेलंच. लेक आता इथेच राहते. तिचे हात गेले, पाय जायला आलेत. एखाद्या दिवशी ती आईसारखंच म्हणते की दार नाही, आणि सर तिला खोटा धीर देत नाहीत. ते फक्त तिची खुर्ची माझ्याजवळ आणतात.

मित्रांनो, नॉस्टिक खरे की नाथ, हे माझ्यासारख्या मातीच्या भांड्याने ठरवू नये. माझं मागणं साधं आहे. तुमच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलं असेल, तर ते काहीतरी थोर बोलेल म्हणून वही घेऊन बसू नका. 'उशी सरकव', 'खिडकी उघड', 'गार आहे', असं ते म्हणेल, तेही त्याचंच बोलणं आहे. ते ऐका आणि लक्षात ठेवा. आणि घरातल्या रांजणात पाण्याशिवाय काही ठेवू नका, पण त्याला कोरडाही ठेवू नका.

सर आता रोज सकाळी मला घावापर्यंत भरतात. लेक खुर्चीतून खाली बघते आणि विचारते, "बाबा, ताटली ओली आहे का?"

सर वाकून बोट लावून बघतात. "आहे," म्हणतात, आणि ते ओलं बोट तिच्या गालाला लावतात.