हौद्याची चार बुचं

हौदा धुता धुता मुकेशच्या हातातली खरवडणी पत्र्यातून आरपार गेली. भोक लहानच होतं, दोन बोटं जातील एवढं. पण त्यातून गाडीखाली बसलेली कोंबडी दिसली, आणि कोंबडीनंही मान वाकडी करून वर बघितलं. मुकेश तिथंच उकिडवा बसला. पिकअप घेऊन वर्ष झालं नव्हतं आणि हौद्याचा तळ पापडासारखा सुटायला लागला होता.

त्यात नवल काही नव्हतं. वरोरच्या बंदरावरून रोज पहाटे बोंबील, मांदेली, कोलंबी बर्फात भरायची आणि चारोटीला, तिथून पुढं तलासरीच्या बाजाराला न्यायची. बर्फ वितळायचा, माशांचं खारं पाणी त्यात मिसळायचं आणि दिवसभर पत्र्यावर हिंडायचं. मीठ लोखंडाला खातं हे दर्याकाठच्या पोरालाही ठाऊक असतं. मुकेशलाही ठाऊक होतं, पण कळतं पण वळत नाही त्यातली गत.

वरोरात कुणी आजारी पडलं तर बघायला दोन माणसं येतात, गाडीला गंज चढला तर सहा येतात. शेजारचा पांड्या म्हणाला, "रबराची चटई टाक, इषय संपला." तुक्या म्हणाला, "चटईखाली पाणी ऱ्हाते. तू प्लायवूड टाक." तिसऱ्यानं डांबर सुचवलं, चौथ्यानं गाडीच विकून टाकायला सांगितलं. ज्याच्या दारात सायकलसुद्धा नव्हती तो सगळ्यात जास्त बोलला.

मुकेशनं गाडी चारोटीला नयनच्या गॅरेजात नेली. नयन हा हायवेच्या कडेला पत्र्याची कामं करणारा माणूस; कमी बोलायचा, आणि बोलायचा तेव्हा हात पुसून बोलायचा. त्यानं सडका भाग कापला, नवा पत्रा वेल्ड केला, वर तांबडा रंग मारला.

"आता याच्यावर काय टाकू ते सांग," मुकेश म्हणाला.

"काय पण टाक. चेकर पत्रा टाक, फळी टाक. फक्त मधी थोडी जागा ठेव, वारा लागला पायजे. आन् ही कोपऱ्यातली चार भोकं बघितली? कंपनीनं उगाच नाय ठेवली. पानी जायला हवं. ही बुजली की तुझा हौदा गेला. दुसऱ्या वेळी मी वेल्डिंग करनार नाय, कारन वेल्डिंगला धरायला पत्राच ऱ्हानार नाय."

"आणि हौदा गेला की आरटीओचं पासिंग नाय."

"पासिंग नाय म्हंजे गाडी नाय. तू तर शाना आहेस."

गाडी नाही म्हणजे पुन्हा गुजरातेत ओख्याच्या बोटीवर खलाशी. मुकेशनं पाच हंगाम तिथं काढले होते. एकदा गेला की आठ महिने दुसऱ्याच्या बोटीवर, दुसऱ्याच्या शिव्या खात. त्याची मुलगी दक्षा पहिलं पाऊल टाकताना त्यानं फोनवर बघितली होती, तीही रेंज गेली म्हणून अर्धीच. ते पुन्हा नको म्हणून तर त्यानं बापाची होडी विकायला लावली आणि पिकअप घेतली.

त्या दिवसापासून बाप त्याच्याशी बोलत नव्हता.

हिरू तांडेल. चाळीस वर्षं होडी हाकलेला माणूस. अंधारात पाण्याचा रंग ओळखायचा म्हणत. होडी गेल्यापासून ओट्यावर बसून जाळी विणायचा, जी आता कुणालाच लागणार नव्हती. घरात काही सांगायचं झालं तर सुनेला सांगायचा. "हेमाली, त्याला सांग कालवणात मीठ कमी हाय." मुकेश समोरच जेवत असायचा. हेमाली मुकेशकडे बघून म्हणायची, "मीठ कमी हाय," आणि मुकेश तिला म्हणायचा, "हाय खरं." अकरा महिने असं चाललं होतं. मुकेशला कधीकधी वाटायचं, बापानं दोन कानाखाली द्याव्यात, पण स्वतःच्या हातानं द्याव्यात.

गाडी रंगवून आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी मुकेश हौद्यात उभा राहून टेपनं माप घेत होता, तेव्हा मागून आवाज आला.

"हो बाजूला."

मुकेशला आधी कळलंच नाही की हे आपल्याला आहे. हिरू हौद्याच्या मागच्या फाळक्यापाशी उभा होता. खांद्यावर दोन फळ्या, काखेत काथ्याचं वेटोळं, हातात डांबराचा डबा. त्या फळ्या मुकेशनं ओळखल्या. होडीच्या होत्या. विकताना म्हाताऱ्यानं तळावरच्या सुट्या फळ्या काढून ठेवल्या होत्या आणि कुणालाही सांगितलं नव्हतं.

"मना ठाव हाय खाऱ्या पान्याचं काय करायचं ते," हिरू म्हणाला. "तू गाडी घेतलीस, पन पानी तेच हाय ना?"

हेमाली दारात आली आणि तिथंच थांबली. तिच्या हातातल्या सुपातले तांदूळ सांडत होते, तिचं लक्ष नव्हतं.

दोन दिवस म्हातारा हौद्यात होता. आधी आडव्या पट्ट्या ठोकल्या, होडीच्या तळाला असतात तशा, त्यावर फळ्या बसवल्या. फळीला फळी अशी भिडवली की मधून सुई जाणार नाही. सांध्यांत काथ्या ठोकला, वर डांबर ओढलं. काम असं झालं की पांड्याही गप्प झाला, आणि तो झोपेतही गप्प नसतो.

पण फळ्या बसवायच्या आधी, पहिल्याच सकाळी, हिरूनं कोपऱ्यातल्या एका भोकात काथ्या कोंबला आणि हातोडीनं ठोकायला लागला.

"बाबा," मुकेश म्हणाला.

हिरूनं वर बघितलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्यानं पोराच्या डोळ्यात बघितलं होतं. "काय?"

मुकेशच्या जिभेवर सगळं होतं. होडीत पाणी येऊ द्यायचं नसतं, हौद्यातून जाऊ द्यायचं असतं. एवढंच तर सांगायचं होतं. एक वाक्य.

"काय नाय," तो म्हणाला. "काथ्या पुरंल ना?"

"पुरंल. गलते ते टिकत नाय, पोऱ्या. भोक ते भोकच." आणि म्हाताऱ्यानं चारही भोकं बुजवून टाकली.

रात्री हेमाली म्हणाली, "तुमी बोलला का नाय? भोकं ठेवायची होती ना?"

"बोललो असतो तर फळ्या उचलून गेला असता. परत कवा बोलला असता?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं प्रकरण होतं, आणि ते दोघांनाही समजत होतं.

पहिल्याच फेरीला व्हायचं ते झालं. चारोटीला पोचेपर्यंत बर्फ अर्धा वितळला आणि ते सगळं पाणी हौद्यात साठलं. नयनच्या गॅरेजासमोरच्या गतिरोधकावर मुकेशनं ब्रेक मारला. पाण्याची लाट हौद्यातून उठली, केबिनवरून आली आणि काचेवर कोसळली. त्यात चार मांदेल्या होत्या. वायपरनं एक मांदेली डावीकडून उजवीकडे नेली आणि परत आणली.

नयन हात पुसत आला. हौद्यात डोकावला, पट्ट्या बघितल्या, फळ्यांवर हात फिरवला.

"कोनी केलं?"

"बापानं."

"असं काम मना जमनार नाय. चेकर पत्र्यापेक्षा भारी हाय हे." मग खाली वाकून बघितलं. "पन भोकं बुजवली. मुकेश, तीन महिने टिकंल पत्रा. सांग त्यांना."

"नाय सांगू शकत."

नयननं पुढं विचारलं नाही. त्यालाही बाप असावा. त्यानं खालून ड्रिल मारून काथ्या आणि फळी आरपार पाडली, चारही कोपऱ्यांत. मुकेशनं लाकडाची चार बुचं तासली, दोन्ही टोकांना डांबर फासलं आणि फडकं गुंडाळून खालून भोकांत बसवली. सहज बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

तेव्हापासून मुकेशचा चोरीचा धंदा सुरू झाला, तोही स्वतःच्याच गाडीत. रोज पहाटे माल भरायच्या आधी हिरू दोन बादल्या पाणी हौद्यात ओतायचा. "फली तहानलेली ठेवायची नाय," म्हणायचा. मग कंबरेवर हात ठेवून खाली वाकायचा, गाडीखाली बॅटरी मारायचा आणि म्हणायचा, "टिपूस नाय." त्या दोन शब्दांवर म्हाताऱ्याचा दिवस जायचा. तो पोटभर जेवायला लागला होता. दक्षाला मांडीवर घेऊन वाऱ्यांची नावं शिकवत होता. मुकेशला हाक मारून विचारायचा, आज बोंबील कसा होता.

गाव संपलं की वळणावर एक जुना ताड आहे. तिथं मुकेश गाडी बाजूला घ्यायचा, गाडीखाली सरपटायचा आणि चारी बुचं काढायचा. पाणी भळाभळा गवतात जायचं. परत येताना तिथंच थांबून बुचं ठोकायची. पाऊस असो, चिखल असो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. कधी पाठीवर पडल्या पडल्या, तोंडावर बोंबलाचं पाणी ठिबकत असताना त्याला वाटायचं, उठावं, घरी जावं आणि ओरडून सांगावं. मग त्याला ते 'त्याला सांग' आठवायचं, आणि तो दुसरं बूच काढायचा. हे किती वर्षं करायचं, याचा हिशेब त्यानं कधी केला नाही. करायची भीती वाटायची.

नारळी पुनवेला हिरूनं बॉनेटला कुंकू लावलं आणि नारळ फोडला. पासिंग आठवड्यावर आलं होतं. त्या दिवशी माल भरून झाला आणि म्हातारा केबिनचं दार उघडून आत बसला.

"आज मी येतो. कशी चालते बघू."

हेमालीनं मुकेशकडे बघितलं. मुकेशनं चावी फिरवली. दुसरं काय करणार? आज माल दुप्पट होता, बर्फ दुप्पट होता. बुचं काढली तर बाप बघणार. नाही काढली तर पुन्हा तेच, पाणी तळात मुरणार आणि सांधे उकलणार, तेही पासिंगच्या तोंडावर. ताड जवळ आला. मुकेशनं समोर बघितलं आणि गाडी तशीच पुढं काढली.

"थांब," हिरू म्हणाला.

मुकेशनं ब्रेक दाबला. मागं पाणी डचमळलं.

"मागं घे. ताडाशी."

गाडी मागं आली. हिरू खाली उतरला. ताडाखालच्या गवतात, सगळं हिरवंगार असताना, खाटेएवढा एक तुकडा जळून पांढरा पडला होता. म्हाताऱ्यानं चपलेनं तो खरवडला.

"रोज सकाली मी इथंच येतो फिरायला," तो म्हणाला. "पावसात गवत जलते कवा? रोज खारं पानी पिल्यावर जलते."

मुकेश गाडीतून उतरला. "कवापासून ठाव हाय?"

"दुसऱ्या आठवड्यापासून."

"मग बोलला का नाय, बाबा?"

"तू बोललास?"

हिरू गुडघ्यावर बसला, मग कण्हत पाठीवर झाला आणि गाडीखाली गेला. मुकेश त्याला धरायला वाकला तर म्हाताऱ्यानं हात झटकला. एकेक करून चारी बुचं निघाली. पाणी त्याच्या बाहीतून आत गेलं. बाहेर येऊन त्यानं एक बूच हातात फिरवून बघितलं.

"फडक्याचं नाय टिकत. काथ्या गुंडाल." मग त्यानं हौद्याच्या फळीवर हात ठेवला. "पान्याला जाऊ द्यावं लागते, ते कलते मना. म्हातारा झालो, येडा नाय झालो. पन घरापासून निघताना बंद ऱ्हाऊ दे. ताडापर्यंत. तेवढी होडी ऱ्हाऊ दे मना."

पासिंगला गाडी पहिल्याच खेपेला सुटली. तपासणाऱ्यानं खालून पत्रा ठोकून बघितला, फळ्यांवर पाय आपटला आणि विचारलं, हे काम कुठं केलंत. मुकेशनं घरी केलं म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे हिरूनं दोन बादल्या ओतल्या. खाली वाकला. बॅटरी मारली.

"टिपूस नाय," तो म्हणाला.

"नाय बाबा," मुकेश म्हणाला. "टिपूस नाय."

हेमालीनं दारातून हळूच विचारलं, "अजून सांगितलं नाय काय तुमी?"

"त्यांना सगलं ठाव हाय."

"मग आता कुनापासून लपवता?"

मुकेशनं गाडी सुरू केली, आणि ताडापाशी येऊन थांबला.