नऊ निळी अंडी

मी एक जुनी कोंबडी आहे, मित्रांनो. पिसं विरळ झाली, एका डोळ्याला नीट दिसत नाही, पण तोरा काही गेलेला नाही. आणि तो का जावा? सबंध ठाकुर्लीत निळी अंडी घालणारी पहिली कोंबडी मीच!

आमची जातच तशी. वीजघरातल्या एका गोऱ्या साहेबाने मला पिल्लू असताना आगबोटीने आणलं होतं. देश स्वतंत्र झाल्यावर साहेब विलायतेला परतला. जाताना त्याने मला हौसाबाईच्या हवाली केलं. ती त्याच्या बंगल्यावर धुणंभांडी करायची आणि तिचा नवरा दगडू वीजघरात कोळसा ओढायचा.

माझं पहिलं अंडं पाहून हौसाबाई दचकली. कुठला तरी रंग लागला असेल म्हणून तिने ते चिंच-राख लावून घागरीसारखं घासलं. रंग कसला जातोय! कल्याणच्या बाजारात बायका टोपलीत डोकावायच्या आणि "सापाची हायेत का गं?" म्हणून पुढे जायच्या. मला फार अपमान वाटायचा.

"अंडी खपत न्हाईत, मग हिला पोसायची कशाला?" एक दिवस दगडू म्हणाला.

"खुडूक झालीया. एकदा अंड्यांवर बसवते," हौसाबाई म्हणाली. "पिल्लं निघाली तर हिला हात लावायचा न्हाय."

"आन् न्हाय निघाली तर रस्सा!"

झालं! माझा जीव नऊ अंड्यांवर टांगला गेला. दाण्यापाण्यापुरती काय ती मी उठायची. दहाव्या दिवशी शेजारचा भिवा आला. कोंबड्यांतलं त्याला फार कळतं असं सगळे म्हणत, आणि तोही म्हणे. कौलाच्या फटीतून येणाऱ्या उन्हात त्याने एकेक अंडं धरून पाहिलं. पांढऱ्या अंड्यात तोवर लाल शिरा दिसू लागतात. माझ्या निळ्या कवचातून त्याला काहीच दिसेना.

"सगळी वांझोटी," त्याने निकाल दिला.

हौसाबाई ताडकन उठली. तिला मूलबाळ नव्हतं, आणि हा शब्द तिने पाणवठ्यावर पुष्कळदा ऐकला होता.

"माझ्या घरात त्यो शब्द काढायचा न्हाय, भिवाभाऊ. ठेवा अंडी खाली."

दगडूला मात्र भिवाचंच पटलं. एकोणिसाव्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ गुणाजी गावाहून आला, तेव्हा दगडू सुरीला धार लावत बसला. भिवाही जेवायला हजर! हौसाबाईने कोमट पाण्याचं पातेलं सगळ्यांच्या मधोमध आणून ठेवलं आणि पाणी संथ झाल्यावर, माहेरच्या रीतीप्रमाणे, एक अंडं अलगद आत सोडलं. ते तरंगलं. थोडा वेळ गप्प राहिलं. मग कोणी हात न लावता आपलं आपण डुलू लागलं. आत माझं लेकरू पाय झाडत होतं!

"वैनी, पिठलं टाका," गुणाजी म्हणाला. "ही कोंबडी माझ्या घशाखाली उतरायची न्हाय."

दोन दिवसांनी नवांतून आठ पिल्लं निघाली. हौसाबाईने ती पदरात घेऊन आळीभर मिरवली, अगदी पाणवठ्यापर्यंत. तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. पुढे डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंतचे लोक माझी अंडी मागत आमच्या दारात उभे राहू लागले. एक दिवस भिवाही टोपली घेऊन आला आणि खाली मान घालून म्हणाला, "उबवायला चार अंडी मिळतील का?"

"नऊ घ्या," हौसाबाई म्हणाली. "पर उन्हात धरून बघायची न्हाईत."

मित्रांनो, या म्हातारीचं एवढं ऐका. ज्याच्या आतलं आपल्याला दिसत नाही, त्याच्या आत काहीच नाही असं म्हणू नका. त्याला ऊब द्या आणि थांबा. एकवीस दिवस म्हणजे काही फार नव्हेत.