माझ्या वाट्याची काठी

झाडीपट्टीच्या नाटकांत मी, लटारू, खलनायक. लोकांच्या शिव्या मी बक्षिसासारख्या झेलतो. चामोर्शीच्या बाजारात एका बाईनं मला वांगी द्यायला नकार दिला होता, "काल सुनेले घराबाहेर काढलास ना" म्हणून. तो दिवस मी अजून मिरवतो.

समोर नायक नेहमी कुलदीप. सुरुवातीला सोसायचा आणि शेवटी मला असा बदडायचा की लोक मंडप डोक्यावर घ्यायचे. होळीनंतर आमचे प्रयोग थांबले, तेव्हा आरमोरीतल्या त्याच्या चर्चनं गुड फ्रायडेला येशूच्या दुःखसहनाचं नाटक ठरवलं. येशू कुलदीप, फटके मारणारा शिपाई मी. मी ख्रिस्ती नाही, पण माझ्यासारखा मारणारा त्यांना दुसरा कुठे मिळणार होता?

पास्टरांना एकच धास्ती होती, कुलदीपचा हात उठण्याची. लोकांना त्याची सवय होती आणि हाताला त्याहून जास्त. एकदा उठला असता तर सगळ्या नाटकाचं हसं झालं असतं. तालमीत मी त्यांना विचारलं, सुटता येत असून हा माणूस मार का खातो? ते म्हणाले, सगळ्यांच्या पापांची शिक्षा तो आपल्या अंगावर घेतो, मारणाऱ्याच्याही पापाची. मी तोंडावर सांगितलं, असा हिरो झाडीत चालायचा नाही. कुलदीप नुसता हसला.

नाटकाच्या संध्याकाळी मैदान भरलं. चर्चची माणसं मूठभर, बाकी सगळे कुलदीपसाठी आलेले. अगदी पुढे गिरजाबाई बसली होती, त्याचं एकही नाटक न चुकवणारी म्हातारी, मांडीवर काठी घेऊन. लाल रंगात बुडवलेली दोरी घेऊन मी जीव ओतून काम केलं. खोटं कशाला बोलू, असा शिपाई कुणी उभा केला नसेल. लोक ओरडू लागले, "कुलदीपभाऊ, हाण त्याले." तो बांधलेल्या हातांनी मान खाली घालून उभा राहिला.

शेवटी गिरजाबाईच स्टेजवर चढली आणि तिनं माझ्या डोक्यावर काठी उगारली. कुलदीपनं हातांची दोरी झटकली. त्याचा हात उठला. झालं, सवय नडली, असं म्हणून मी पडायच्या तयारीत राहिलो. त्या हातानं त्यानं मला जवळ ओढलं आणि काठी त्याच्या पाठीवर बसली. तो आवाज नाटकातला नव्हता.

गिरजाबाई कळवळली. "बाबू, त्यानंच तुले मारलं ना? मंग त्याले काऊन वाचवून राह्यला तू?"

"त्याच्याचसाठी तं मार खाऊन राह्यलो, बाई."

हे वाक्य नाटकात नव्हतं. गिरजाबाई तिथेच खाली बसली.

शिपायाचे फटके अजून बाकी होते. मी दोरी उचलली, पण माझा हात उठेना. कुलदीप पाठमोरा झाला आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "मार, लटारूभाऊ. पुरं होऊ दे."

मी मारलं, पण हमसून हमसून रडत. त्या दिवशी मला एकही शिवी मिळाली नाही. खलनायक म्हणून ते माझं सगळ्यात वाईट काम. पण माझ्या वाट्याची काठी कुणी खाल्ली हे सांगताना माझी छाती जेवढी फुगते, तेवढी दुसऱ्या कशानंच फुगत नाही.