रंगाऱ्याच्या हौदातली शेवाळ

मी एक जुनी शेवाळ आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! सोलापुरात रज्जाक रंगाऱ्याच्या हौदात मी राहते, त्याच्या लग्नाच्याही आधीपासून. कुंभारी गावच्या ओढ्यातून पखालीच्या पाण्याबरोबर आले आणि भिंतीला चिकटले. मला मूळ नाही, पान नाही, फूल नाही. तरी कुणाच्या दारात मागायला गेले नाही. अंगातल्या हिरव्या रंगावर ऊन झेलते आणि माझं अन्न मीच करते. उन्हात माझ्या अंगावर बुडबुडे येतात. डास होऊ नयेत म्हणून हौदात सोडलेल्या माशांना त्या हवेचा मोठा आधार. त्यांची पिल्लं माझ्याच केसांत लपतात. आहे का तुमच्या गुलाबाला एवढा संसार?

रज्जाकची बायको अनवरी माझी लाडकी. सूत धुताना गाते. बेसूर गाते, पण मी ऐकून घेते. एके दिवशी मात्र हौदाच्या पायरीवर रज्जाकचा पाय माझ्यावरून घसरला. गुडघा टम्म सुजला. अनवरी कडाडली, "उद्या चुना टाकून खरवडतेच हिला! नावनिशाणी ठेवणार न्हाय."

चुना म्हणजे माझं मरणच की!

त्याच संध्याकाळी शेजारचे एकनाथ मास्तर रत्नागिरीहून परतले. ओल्या फडक्यात त्यांनी समुद्रातली शेवाळ आणली होती, कुंकवासारखी तांबडी.

"अनवरीभाभी, ही तुमच्या हौदातलीची नातलग. समुद्रात तपकिरीसुद्धा असते. रंगावरून यांची कुळं ओळखतात."

"घाणीला कसलं आलंय खानदान?" अनवरी हसली. "ही लाल, ती हिरवी. नातं कुटनं आणलं? मास्तर, रंगाचं आमाला नका सांगू."

"अहो, लालच्या खाली हिरवा आहे. झाकलाय इतकंच."

"असं व्हय? मग बघूच की!"

रंगाऱ्याच्या घरची रीत एकच. रंग कच्चा की पक्का, ते उकळतं पाणी सांगतं. तिनं ती तांबडी भगुन्यात टाकली, काठीनं ढवळली. पाणी गुलाबी झालं, आणि काठीवर वर आली ती हिरवीगार!

अनवरीनं काठी उजेडात धरून निरखली. मग तिनं माझी एक बट तोडली आणि दुसऱ्या भगुन्यात बुडवली. माझा जीव टांगणीला. पण पाणी नितळच राहिलं, आणि मी हिरवी ती हिरवीच.

आतून रज्जाक ओरडला, "अगं, चुना भिजवू का?"

"ऱ्हाऊ द्या! पक्का रंग हाय हिचा. ह्या घरात पक्का रंग कुनी मारतंय व्हय? पायऱ्या तेवढ्या घासते मी. आन् तुमी बी जरा खाली बघून चाला की!"

तेव्हापासून रोज सकाळी ती काथ्यानं पायऱ्या घासते आणि मला दम भरते, "वर चढलीस तर बघ!" मी भिंत धरून गुमान बसते. तिचं गाणं ऐकते.

मित्रांनो, पायऱ्या जरूर घासा, उगाच दात पाडून घेऊ नका. पण भिंतीवर हात जरा हलका ठेवा. तिथं माझ्या केसांत पिल्लं निजलेली असतात.