फीबी हाऊसची पितळी पाटी

मी पाटी बोलतेय. आयर्लंडमधल्या गॉलवेच्या एका विद्यार्थी वसतिगृहाच्या दाराशेजारची, अस्सल पितळी. माझा आजचा तोरा बघाच!

दोनशे वर्षांपूर्वी माझ्यावर 'ग्रेव्हस्टॉक हाऊस' असं कोरलं गेलं. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती, ती पुढे काजळीत बुजली. दानशूर साहेबांचं नाव म्हणून लोक टोपी काढायचे. ती ओळ ठाऊक असल्यामुळे मी मात्र आतल्या आत कुढायची.

२०२० च्या दसऱ्याला लॉकडाउन होता. नागपूरहून शिकायला आलेली कौमुदी वसतिगृहात जवळजवळ एकटीच होती. सणाला दार साजरं दिसावं म्हणून तिने मला लिंबू-मिठाने लख्ख घासलं, हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले. आणि मग उजळलेली ओळ वाचली : 'ऊसमळ्याचे व तेथील गुलामांचे मालक.'

"मी ह्याची पूजा केली?" तिने ओढणीनेच कुंकू पुसलं. मला राग नाही आला. उलट हायसं वाटलं.

तिने वसतिगृहाच्या कार्यालयाकडे इमारतीचं नाव बदलण्याचा अर्ज केला. तिची आई, सरिताताई, व्हिडिओ कॉलवर हबकल्याच.

"अगं, तुझी खोली त्यांच्याच हातात आहे. पुढच्या वर्षी नाही दिली तर कुठे जाशील? कशाला पंगा घेतेस?"

"आई, आपण दारावर कुणाचं नाव लावतो? ज्याला मान द्यायचा, त्याचंच ना?"

आमचा रखवालदार डर्मटही कुरकुरला. "युअर मॅन, तो तुझा साहेब, कधीचा मेलाय, कौमुदी. इतिहास आहे तो."

"मग ग्रंथालयात ठेवू. दारावर कशाला?"

आठवड्याने डर्मटच तळघरातले ग्रेव्हस्टॉकसाहेबांचे जुने कागद घेऊन आला. त्यांत फीबी सापडली. साहेबांच्या समुद्रापलीकडच्या मळ्यावरची गुलाम स्वयंपाकीण. दोनदा पळाली, दोनदा पकडली. तिसऱ्यांदा पळाली ती कुणाच्या हाती लागलीच नाही!

२०२१ च्या वसंतात विद्यार्थ्यांनी नव्या नावासाठी मतदान केलं आणि फीबी दणदणीत जिंकली. कौमुदीची खोलीही कायम राहिली. मला मात्र धडकी भरली, आता मी भंगारात जाणार!

डर्मटने मला उतरवलं, उलटं केलं, अंगठ्याने चाचपलं. "पाठ कोरी आहे की! ग्रँड!" त्या पाठीवरच मग 'फीबी हाऊस' कोरलं गेलं.

यंदाच्या दसऱ्याला कौमुदीने मला पुन्हा घासलं आणि हळद-कुंकू लावलं. सरिताताईंनी फोनवरूनच हात जोडले. ग्रेव्हस्टॉकसाहेब आता भिंतीकडे तोंड करून आहेत, बसू देत तसेच. तुम्ही कधी आलात तर दारात क्षणभर थांबा आणि माझ्यावरचं नाव मोठ्याने वाचा. तिला पकडायला आता कुणी येणार नाही.