मुळांमागचा खड्डा

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये रात्रीच्या वाऱ्यात एक सोनमोहर मुळासकट उलथला आणि नेमका एका पॅकिंगच्या कारखान्याच्या गेटवर आडवा झाला. सकाळी साडेसातला झाडं कापणारी टोळी टेम्पोतून उतरली, तेव्हा गेटच्या आत माल भरलेले दोन ट्रक अडकून पडले होते आणि कारखान्याचे मॅनेजर विद्याधर रस्त्यातच येरझाऱ्या घालत होते.

"कापायचं मशीन कोण चालवणार?" त्यांनी विचारलं.

"मी," शीतल म्हणाली.

विद्याधरांनी तिच्याकडे आणि मग तिच्यामागच्या धाकूकाकांकडे पाहिलं. साठीला आलेले धाकूकाका टोळीतले सगळ्यात जुने. ते टेम्पोतून दोर काढू लागले.

शीतल घाटकोपरची. सात वर्षांपूर्वी ती या टोळीत फांद्या उचलायच्या कामावर लागली. मशीन हातात द्या, असं तिनं स्वतःच मागितलं होतं. मुकादम हसला, धाकूकाका हसले नाहीत. त्यांनी तिला कित्येक महिने नुसती मशीनची दातेरी चेन घासायला आणि लांब पट्टीवर ताणून बसवायला लावली. मग मशीन जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत पाय रोवून सुरू करायला शिकवलं. "अंगठो मुठीखालसून घे. पट्टीचा टोक लाकडाक लागाक देव नको, मशीन उसळान तोंडार येता. तेका लाकूड काय नि माणूस काय, एकच." त्यांच्या डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंतचा व्रण अशाच एका उसळीचा होता. त्यानंतर त्यांनी मशीन धरलं नव्हतं.

वीजवाल्यांनी फांद्यांत अडकलेली तार बंद केल्याचं सांगितलं, तेव्हाच शीतलनं जाळीचं हेल्मेट चढवलं आणि मांड्यांवर जाड कापडाचं कवच बांधलं. सुशांत हा टोळीतला दुसरा मशीनवाला. दोघांनी मिळून नऊपर्यंत गेटवरच्या फांद्या उतरवल्या. उरला बुंधा. त्याचं एक टोक गेटच्या खांबावर टेकलेलं, दुसरं मुळांवर, आणि मधला भाग अधांतरी. मुळांजवळ कापून तो सुटा केला की हायड्रा क्रेन ओढून नेणार होती.

"सगळं वरून कापलं तर फट मिटून पट्टी चिमट्यात सापडेल," शीतल सुशांतला म्हणाली. "वरून थोडंच. बाकी खालून वर."

तिनं वरून एक तृतीयांश काप घेतला आणि मशीन बंद केलं.

"आता काय झालं?" विद्याधर पुढे आले.

"मुळं बघून येते."

मुळं मातीसकट उभी राहिली होती, माणसापेक्षा उंच, भिंतीसारखी. मागे खड्डा. बुंध्याचं वजन सुटलं की अशी मुळं कधीकधी झटक्यात परत खड्ड्यात बसतात. शेवटच्या कापाआधी मागे जाऊन बघायचं, हा तिचा नेम होता. ती वळसा घालून गेली आणि जागीच थबकली.

खड्ड्यात एक बाई गुडघ्यांवर बसून चिखलातून शेगडी ओढत होती.

"मावशी, बाहेर या!"

"आले गं. दोन मिनिटं. निघतेच आहे."

"दोन मिनिटं नाहीत. आत्ता!"

"तुला बोलायला काय जातंय? अकरा वर्षं याच झाडाखाली चहा विकते मी. सगळं सामान आत गेलंय माझं."

शीतल खड्ड्यात उतरली नाही. ती काठावर पालथी पडली आणि तिनं हात पुढे केला. "मी काढून देते सामान. आधी तुम्ही वर या."

बाईनं हात धरला. तिचं नाव चंपा. वर आल्यावर तिनं मागे वळून मुळांकडे पाहिलंसुद्धा नाही. शेगडीकडेच बघत राहिली.

धाकूकाकांनी लांब बांबूला आकडा बांधला. ते आणि शीतल काठावरून सामान ओढू लागले. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. विद्याधरांचा धीर सुटला.

"एका शेगडीसाठी माझं गेट अडवून ठेवलंय? ए सुशांत, तू काप रे. तुझ्या मुकादमाशी मी बोलतो."

सुशांतनं मशीन उचललं. आजचा शेवटचा काप दुसऱ्यानं घेतला, तर मशीन पुन्हा आपल्या हातात येणार नाही, हे शीतलला पक्कं माहीत होतं. ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली, पण बोलली विद्याधरांशी.

"कापू दे त्याला. तेवढा वेळ तुम्ही खड्ड्यात उभे राहा."

"काय?"

"उभे राहता? नाही ना? मग सामान निघेपर्यंत कोणी कापणार नाही."

सुशांतनं मशीन हळूच खाली ठेवलं आणि बांबू धरायला गेला.

शेगडी निघाली, साखरेचा डबा निघाला. मोठा टोप मात्र मुळांच्या अगदी बुडाशी होता. आकडा पोचेना. चंपा पदर खोचून पुढे झाली, तसा शीतलनं तिचा दंड धरला. "टोप राहू द्या."

"तुझा नाही ना तो!" चंपा ओरडली आणि रडायलाच लागली. शीतलनं दंड सोडला नाही. तिला तिथून नेऊन धाकूकाकांच्या शेजारी उभं केलं, खड्ड्याभोवती दोर बांधला आणि दोन्ही बाजूंना माणसं उभी केली.

मग आपल्यामागची वाट मोकळी असल्याची खात्री करून तिनं मशीन सुरू केलं. बुंध्याच्या बाजूला उभी राहून खालून वर काप घेतला. भुसा पायांवर पडत होता. लाकूड कडाडलं, फट रुंदावली आणि तिनं मशीन मागे घेतलं.

बुंधा खाली बसला. त्याच क्षणी मुळांची ती भिंत करकरली आणि धाडकन खड्ड्यात कोसळली. जमीन हादरली. चिखल पार कारखान्याच्या भिंतीपर्यंत उडाला. खड्डा होता, तिथे आता सपाट माती होती आणि त्यातून वर आलेलं बुंध्याचं थोटूक.

चंपा साखरेचा डबा कवटाळून खाली बसली.

बारापर्यंत हायड्रानं बुंधा ओढून नेला आणि ट्रक बाहेर पडले. विद्याधर त्या थोटकापाशी बराच वेळ उभे होते. तेवढ्यात शीतलचा फोन वाजला. मुकादम होता.

"तक्रार आलीय. उशीर केलास म्हणे."

"केला. उद्या मुलुंडच्या कामावर पण होईल. पटत नसेल तर दुसरा माणूस बघा."

"उद्या सातला टेम्पो सुटेल. तू वेळेवर ये," म्हणत त्यानं फोन ठेवला.

तिनं फोन खिशात टाकला. समोरच्या भिंतीला लागून चंपानं शेगडी पेटवली होती. टोप कारखान्याच्या कॅन्टीनमधून मागून आणला होता. पहिला ग्लास ती शीतलकडे घेऊन आली आणि समोर उभी राहिली. चहात साखर फार पडली होती. शीतलनं तो सगळा प्यायला.