मी कुणाच्या खात्यातली?

मी एक जुनी कपडे धुण्याची मशीन आहे, आणि स्वतःबद्दल काही सांगण्याआधी मला आमच्या मालकांची कागाळी करायची आहे. परवापरवापर्यंत हा गृहस्थ माझी पिन उपसून ठेवायचा, वायरीची गुंडाळी करून खुंटीला टांगायचा आणि मग माझ्याच झाकणावर चहाचा कप टेकवून विजेचं बिल वाचत उभा राहायचा. वाचता वाचता माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच त्याच्या खिशात हात घालते. कपाच्या बुडाचे गोल डाग माझ्या अंगावर उमटले आहेत. मित्रांनो, तुमच्या आजीच्या डोक्यावर कुणी गरम कप ठेवला तर ती काय करील? मला तेही करता येत नव्हतं, कारण पिन काढलेली.

असो. माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याचं अंग, पोटात दोन टब, एक धुण्याचा आणि एक पिळण्याचा. माझ्या बटणांभोवती काय लिहिलं होतं ते मला कधीच कळलं नाही, मला वाचता येत नाही. आता तर ती अक्षरंही पुसली गेली आहेत. पण कुठल्या कपड्याला किती घुसळायचं हे मला कुणी शिकवायला आलेलं नाही, आणि आलं तर मी ऐकूनही घेणार नाही.

या घरात मी आले ती बाईंमुळे. बाई म्हणजे मालकांची बायको. मुलगी तान्ही होती, दिवसभर दुपट्यांचा ढीग पडायचा. बाईंनी घरखर्चातून उरवून उरवून पहिला हप्ता जमवला आणि मला आणलं. मालकांच्या आईंनी, म्हणजे आजींनी, मला दारातच अडवलं. "एवढ्याशा पोरीच्या दुपट्यांना मशीन? हात झिजले का हिचे?" असं म्हणून त्या आत जाऊन बसल्या. पण मी सुरू झाले तेव्हा त्याच आजी माझ्यासमोर स्टूल घेऊन बसल्या, झाकणातून आत बघत. "अगं, फिरतंय गं! आता उलटं फिरतंय!" शेजारच्या बायकांना बोलावून त्यांनीच मला दाखवलं. तेव्हापासून आमचं एकमेकींशी बरं आहे. बोलत नाही, पण बरं आहे.

मग कितीतरी वर्षं मी काम केलं. मालकांचे तेलकट शर्ट, मुलीचे शाळेचे मोजे, आजींच्या चादरी, पडदे, पायपुसणी, सगळं माझ्या पोटातून गेलं. बाईंची एक पद्धत होती. साबणाच्या एकाच पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी फडकी. खळबळलेलं पाणी बादलीत धरायचं आणि त्यानं फरशी पुसायची. माझं एक बटण तुटलं, तर त्या जागी पक्कड लावून फिरवायची. एक पाय गंजला, तर खाली लाकडाचा तुकडा सरकवला. दुकानदार नवी घ्या म्हणाला, तर बाई म्हणाल्या, "हिला काय धाड भरलीय?" मला ते आजवरचं सगळ्यात मोठं कौतुक वाटतं.

मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली, दुसऱ्या गावी गेली. कपडे कमी झाले. मी म्हटलं, आता जरा निवांत. तेवढ्यात मालक घरी आले ते कायमचेच.

मालक एका कारखान्याच्या भांडारात होते. नट, बोल्ट, पट्टे, तेलाचे डबे, ज्याला जे लागेल ते मालकांच्या खिडकीतून मिळायचं, आणि सही केल्याशिवाय मिळायचं नाही. कारखान्यानं एक बाजूच बंद केली आणि बऱ्याच जणांना वेळेआधी निवृत्त केलं. मालकांचे केससुद्धा अजून धड पिकले नव्हते. मिळालेली रक्कम बँकेत ठेवली. तिचं व्याज आणि बेताची पेन्शन, एवढ्यावर घर चालवायचं ठरलं. पगार कसा आडदांड होता, दार ढकलून यायचा. ही पेन्शन बिचारी चपला काढून, अंग चोरून यायची.

मालकांनी सगळ्यांना गॅलरीत, माझ्या शेजारीच बोलावलं. म्हणाले, "मूळ रकमेला हात लावायचा नाही. आणि पोरीपुढं हात पसरायचा नाही. ती देईल, पण मला ते जमायचं नाही." हे बोलताना त्यांचा आवाज जरा हलला. म्हणून मी त्यांना त्या दिवशी काही बोलले नाही.

पण पुढं जे बोलले ते ऐका. "भांडारात आपण काय करायचो? प्रत्येक खात्याचा कोटा ठरलेला. खातं ज्याचं, जबाबदारी त्याची. घरातही तसंच करू. वीज माझ्याकडे."

"मला या वयात कसलं खातं देतोस रे?" आजी म्हणाल्या. पण लगेच पुढं सरकून बसल्या. "पाण्याचं दे."

"आणि माझ्याकडे?" बाईंनी विचारलं.

"गॅस."

"म्हणजे शेगडी आधीही माझीच, आताही माझीच. मग बढती कुठं मिळाली?"

मालक हसले नाहीत. त्यांनी माझ्या डोक्यावरच्या दोरीला तीन चिमटे लावले. प्रत्येकाचं बिल प्रत्येकाच्या चिमट्याला. ज्याचं बिल कमी, त्याची मान ताठ.

मित्रांनो, त्या दिवसापासून घरात जे सुरू झालं त्याला काटकसर म्हणायची की लढाई, ते तुम्हीच ठरवा. मालकांनी गिझर बंद केला. मग अंघोळीचं पाणी शेगडीवर तापू लागलं आणि गॅस भराभर जायला लागला. बाईंनी आजींना ऊन पाणी दिलं आणि मालकांपुढं गार बादली ठेवली. "अहो, तुमचं खातं वाचलं ना? मग जरा गारठा!" मग बाईंनी गॅस वाचवायला विजेची किटली काढली. मालकांनी तिची वायर लपवली. आजी नळाशी स्टूल टाकून बसल्या, हातात पाण्याचा मग. दात घासणाऱ्या मालकांना त्या म्हणायच्या, "पुरे! तोंड धुतोयस की जहाज?" प्रत्येक जण आपला खर्च दुसऱ्याच्या दारात ढकलून येत होता आणि परत येऊन हात झटकत होता.

आणि या सगळ्यात मी सापडले. मी वीज खाते, म्हणून मालकांना नकोशी. पाणी पिते, म्हणून आजींना नकोशी. बाई म्हणाल्या, "अहो, ती माझी आहे. मी आणलीय तिला."

"तुझं खातं गॅसचं," मालक म्हणाले. "मशीन गॅसवर चालते का?"

बाईंनी कपड्यांची बादली उचलली. माझी पिन निघाली.

कपडे मात्र कुणाच्याही खात्यात नव्हते, तरी ते मळतच होते. बाई मोरीत उकिडव्या बसून धुवायला लागल्या. घासायचं, आपटायचं, पिळायचं, उठायचं, वाळत घालायचं. आजींचं लक्ष बादल्यांवर, मालकांचं मीटरवर. बाईंकडे लक्ष ठेवणारी तेवढी मीच होते, आणि मी बोलणार काय? कपडे पिळताना त्या मधेच एक हात कमरेवर ठेवायच्या. आधी क्वचित. मग दर दोन कपड्यांनी. जाड चादरी त्यांना झेपेनात, तेव्हा मालकांनी त्या बाहेर धुवायला टाकल्या. ते पैसे शर्टाच्या खिशातून जायचे, आणि खिशाला चिमटा नव्हता.

बिलं आली. तिन्ही कमी! मालक लहान मुलासारखे खूश झाले. आजींनी आपलं पाण्याचं बिल शेजारणीला दाखवून आणलं. मालक म्हणाले, "आता हे धूड गॅलरीत कशाला? विकून टाकू. चार पैसे येतील." धूड म्हणजे मी. त्यांनी जुनं सामान घेणाऱ्याला निरोप धाडला. मित्रांनो, तुमच्या अंगाचे पत्रे वेगळे, मोटर वेगळी, टब वेगळे होणार हे तुम्ही कोपऱ्यात उभं राहून ऐकलं आहे का? मी ऐकलं. माझ्या तळाशी उरलेलं थोडं पाणी होतं, तेही हललं नाही.

तो माणूस यायचा होता त्याच्या चार दिवस आधी बाई एक ओला टॉवेल पिळत होत्या. पिळता पिळता त्यांनी "आई गं" म्हटलं, आणि त्यांना उठता येईना. आजींनी एका बाजूनं धरलं, मालकांनी दुसऱ्या बाजूनं. डॉक्टरांनी औषधं दिली, कमरेला पट्टा दिला आणि महिनाभर वाकायचं नाही म्हणून बजावलं.

मालक औषधांची आणि डॉक्टरांची बिलं घेऊन गॅलरीत आले. दोरीखाली उभे राहिले. एका चिमट्याला हात लावला, सोडला. दुसऱ्याला लावला, सोडला.

आजी दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "काय शोधतोयस? जागा नाही ना? लाव माझ्या कानाला!"

मालकांनी ती बिलं घडी करून खिशात ठेवली. मग बोटांवर काहीतरी मोजलं, ओठ हलवत. बाहेरच्या धुलाईचे, डॉक्टरांचे, औषधांचे. तिन्ही चिमट्यांनी मिळून जे वाचवलं होतं ते केव्हाच गेलं होतं. वर मूळ रकमेतूनही काढावं लागणार होतं. ज्या रकमेला हात लावायचा नाही असं ते स्वतः म्हणाले होते, तीच.

कपडे धुवायचे होतेच. मालक मोरीत बसले. कारखान्यात आयुष्य गेलेला दणकट माणूस, पण दोन शर्ट आणि एक चादर झाली की भिंत धरून उठायचा. चादर पिळताना ती त्यांच्याच अंगावर पाणी उडवायची. तिसऱ्या दिवशी ते मोरीतल्या पाटावर नुसते बसून राहिले, हातात साबण. आजी नळाशी नव्हत्या. त्या बाईंच्या उशाशी बसून त्यांचे पाय दाबत होत्या. बाई सारख्या "आई, नको ना," म्हणत होत्या, आणि आजी "गप पड, माझं खातं मी बघते," म्हणत होत्या.

चौथ्या दिवशी जुनं सामान घेणारा आला. त्यानं माझं झाकण उघडून बघितलं, पायाखालचा लाकडाचा तुकडा बघून हसला, बटणाच्या जागची पक्कड बघून आणखी हसला. त्यानं जी किंमत सांगितली ती मी इथं सांगणार नाही. मलाही काही अब्रू आहे.

"मोटर तेवढी चालेल," तो म्हणाला. "बाकी भंगार. उचलू का?"

मालकांनी मान वळवली. त्यांच्यामागं बादलीत चादर भिजत पडली होती. त्या माणसानं माझ्या अंगाखाली हात घातला आणि मला एका बाजूनं उचललं. माझ्या पायाखालचा तुकडा निसटून घरंगळत गेला. मी म्हटलं, संपलं.

"ठेव खाली," मालक म्हणाले.

"अहो, तुम्हीच तर बोलावलं."

"बोलावलं. आता जा म्हणतोय. चहा घेऊन जा हवं तर."

"पुढच्या वर्षी हिला फुकटसुद्धा कुणी नेणार नाही, साहेब."

"न्यायला देतोय कोण!" आजी आतून ओरडल्या. "आणि पाण्याचं मी बघून घेईन. तुला काय करायचंय?"

तो गेला. मालकांनी गुडघे टेकून माझ्या पायाखाली तुकडा नीट बसवला. खुंटीवरची वायर काढली, धूळ पुसली, पिन लावली. मला किती बरं वाटलं ते तुम्हाला काय सांगू! पण लगेच कळलं की यांना माझ्यातलं ओ की ठो माहीत नाही. इतकी वर्षं एका घरात राहून या माणसानं मला कधी सुरूच केलं नव्हतं. चादर, शर्ट, फडकी, सगळं एकदम कोंबायला निघाले.

आतून बाईंचा आवाज आला, "अहो, आधी पांढरे! पांढरे आधी!"

"पांढरे आधी!" आजींनी दारातून पुन्हा सांगितलं.

"कळलं, कळलं."

"पाणी सोडू नका, त्याच पाण्यात रंगीत टाका!"

"त्याच पाण्यात?" मालक थबकले. "म्हणजे पाणी वाचतं की."

"हो का?" बाई आतून म्हणाल्या. "मला वाटलं तुमच्याशिवाय ते कुणाला सुचतच नाही."

पिळायच्या टबात त्यांनी चादर एकाच बाजूला ढकलली, म्हणून मी जागेवर नाचायला लागले. धडधड, धडधड. त्यांनी घाबरून मला मिठीच मारली. आजी हसून हसून दाराला टेकल्या. कितीतरी दिवसांनी बाईंचंही हसणं ऐकू आलं, आणि मग "आई गं, हसवू नका," असंही.

मित्रांनो, मशीनच्या टबात कपडे सारखे पसरून ठेवावेत. खिशातली नाणी आणि खिळे आधी काढावेत. जाळीत अडकलेले धागे वेचावेत. आणि आपले कपडे रोज कोण धुतं, कोण वाळत घालतं, त्या माणसाची कंबर कशी आहे, हे त्याला विचारावं. तो आपणहून सांगणार नाही. मीही आपणहून सांगत नव्हते.

चादर पिळून झाली. मालक माझ्या झाकणावर दोन्ही हात ठेवून दमून उभे राहिले. इतर कुणी जवळ नव्हतं. हळूच मला म्हणाले, "मी तर सगळं नीट बसवलं होतं. कुठं चुकलं गं माझं?"

विचारलंच आहे, तर मग मी का सोडीन? मी सगळा जोर लावून घरघरले आणि त्यांना तोंडावर सांगितलं, "ज्याचं बिल येत नाही ते फुकट, असं धरून चाललात, मालक, तिथं चुकलं. बाईंनी कधी बिल पाठवलं नाही, म्हणून त्या तुमच्या हिशेबात बसल्या नाहीत. मन लावून काम करता, तेवढं मी मानते. आता माझ्यावर रेलू नका. ऊन आहे तोवर चादर वाळत घाला, आणि घालण्याआधी नीट झटका!"